कानातली शिट्टी आणि मेंदूवरचे चुंबक

‘‘डॉक्टर, कानात रातकिडे ओरडतात.’’ ‘‘कुकरची शिट्टी होते आणि ती थांबतच नाही.’’ ‘‘आत कुणीतरी स्टोव्ह पेटवून ठेवलाय, असं वाटतं.’’ मुलुंडसारख्या उपनगरात पंचवीसहून अधिक वर्षे दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला ही वाक्ये नवी नाहीत. बाहेर कुठेही आवाज नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणे, याला आम्ही टिनिटस म्हणतो. मराठीत त्याला कर्णनाद असा छान शब्द आहे. शब्द छान असला तरी दुखणे छान नाही, हे ज्याच्या कानात तो नाद चालू आहे त्यालाच विचारावे.

या विषयावर सध्या दोन पत्रे माझ्यासमोर आहेत. पहिले भांडुपच्या एका वाचकाचे. त्यांचे वडील एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये तीसहून अधिक वर्षे होते. निवृत्त झाल्यापासून दोन्ही कानांत शिट्टी वाजते, रात्री झोप लागत नाही, चिडचिड होते. पत्रलेखक विचारतात, ‘‘आता मुंबईत डोक्यावर चुंबक धरून हा आवाज बंद करतात म्हणे. वीस बैठकांचे पॅकेज आहे. वडील म्हणतात, फिक्स्ड डिपॉझिट मोडतो पण ही शिट्टी बंद करा. मोडावे का?’’ दुसरे पत्र एका भगिनींचे आहे. त्यांच्या एकाच कानात धडधड ऐकू येते आणि त्यांनाही कुणीतरी हेच चुंबक सुचवले आहे. त्यांच्याकडे लेखाच्या शेवटी वळतो, कारण त्यांचे प्रकरण वेगळे आहे.

आधी हा आवाज येतो कुठून ते पाहू. आपल्या प्रत्येक कानाच्या आत, गोगलगायीच्या शंखासारख्या भागात, सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. ध्वनीच्या लहरींनी त्या हलतात आणि मेंदूकडे विजेचा संदेश जातो. जन्मतः मिळालेल्या या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वय, सततचा गोंगाट, काही औषधे (पूर्वी क्षयावर सर्रास दिली जाणारी स्ट्रेप्टोमायसिनसारखी इंजेक्शने त्यातलीच) यांनी त्या मरतात. बहुधा बारीक, उंच पट्टीच्या आवाजाच्या पेशी आधी जातात. प्रेस शॉपमध्ये किंवा लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला पत्नीचे बोलणे ऐकू येते, पण नातीचे बारीक आवाजातले बोलणे नीट कळत नाही, ते यामुळेच.

आता ट्रान्झिस्टर आठवा. स्टेशन नीट लागत नसले की आपण काय करतो? आवाज मोठा करतो. गाणे स्पष्ट होत नाहीच, पण खरखर मात्र वाढते. मेंदूचेही असेच होते, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. कानाकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदूतील ऐकण्याचे केंद्र आपले बटण पिळून आवाज वाढवते आणि त्याला स्वतःचीच खरखर ऐकू येऊ लागते. म्हणजे शिट्टी कानात वाजते असे वाटले तरी ती वाजते मेंदूत. पुरावा हवा असेल तर असा, की कर्णनादासाठी काही रुग्णांची श्रवणाची नसच शस्त्रक्रियेने कापली गेली, तरीही पुष्कळांचा आवाज तसाच राहिला. रेल्वे अपघातात पाय गेलेल्या माणसाला नसलेल्या पायाचा अंगठा दुखल्यासारखा वाटतो, ही गोष्ट लोकलच्या मार्गावर राहणाऱ्या आपल्या वाचकांपैकी काहींनी ऐकली असेल. हे त्याचेच भावंड.

एक गंमत सांगतो. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या अमेरिकन संशोधकांनी चांगले ऐकू येणाऱ्या ८० जणांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवले आणि काय ऐकू येते ते विचारले. ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले, कुणाला गुणगुण, कुणाला फुसफुस. खोलीत आवाज नव्हताच. म्हणजे ही खरखर थोडीफार सर्वांकडेच असते, बाहेरच्या गलबल्यात ती कळत नाही. माझे घाटकोपरचे एक रुग्ण रेल्वे रुळांना लागून राहतात. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत गाड्या धडधडतात, तरी त्यांची तक्रार नसते. मे महिन्यात कोकणात गावी गेले की तिथून फोन येतो, ‘‘डॉक्टर, कानातला आवाज वाढला!’’ वाढलेला काहीच नसतो, गावची रात्र शांत असते एवढेच. आणखी एका आजींना कुणी सांगितले होते की हा अनाहत नाद आहे, साधना फळाला आली. अध्यात्मातला माझा अधिकार नाही. पण आजींचे कान तपासले तेव्हा एका कानात घट्ट मळाचा बोळा निघाला आणि तो काढल्यावर नाद गेला.

चुंबक काय करते?

आवाज मेंदूत असेल तर उपचारही मेंदूवरच करावा, हा विचार सरळ आहे आणि तो करणारे लोक भोंदू नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवले. आपल्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ते असतेच. त्याच तत्त्वावर १९८५ साली इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर यांनी एक यंत्र केले. तारेचे वेटोळे डोक्यावर धरायचे, त्यातून क्षणाच्या अगदी छोट्या अंशात जबरदस्त वीज सोडायची. वीज डोक्यात शिरत नाही, तिचे चुंबकीय क्षेत्र कवटीतून आरपार जाते आणि खालच्या मेंदूत बारीकसा विद्युतप्रवाह उठवते. मेंदूच्या हालचालीच्या भागावर वेटोळे धरले की समोरच्या माणसाची बोटे आपोआप उडतात! चीरफाड नाही, भूल नाही, माणूस खुर्चीत जागा बसलेला. आपल्याकडे ‘मेंदूला शॉक’ म्हटले की लोक घाबरतात. त्या शॉकच्या उपचाराशी याचा संबंध नाही. त्यात भूल देऊन मुद्दाम आकडी आणतात, इथे तसे काही करत नाहीत.

असे ठोके एकामागून एक, ठरावीक वेगाने देत राहिले तर मेंदूच्या त्या भागाची उत्तेजना बदलते. सर्वसाधारणपणे सेकंदाला एक ठोका असा संथ वेग ठेवला तर ती कमी होते, वेग वाढवला तर वाढते. औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यावर हा उपचार उपयोगी ठरतो आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली त्यासाठी अशा यंत्राला मान्यता दिली. मुंबईतही मानसोपचारतज्ज्ञ तो वापरतात. मग प्रश्न आला, की कर्णनादात ऐकण्याचे केंद्र जास्तच चेतलेले असते, तर संथ ठोक्यांनी त्याला थंड करता येईल का? जर्मनीत रेगेन्सबुर्ग येथील डॉक्टरांनी २००३ साली अगदी मोजक्या रुग्णांवर तसा प्रयत्न प्रसिद्ध केला, थोडा फरकही दिसला आणि जगभर आशा पसरली.

आता मुख्य मुद्दा. या यंत्राचा प्रत्येक ठोका ‘टक्’ असा मोठा आवाज करतो. इतका, की रुग्णाच्या कानात बोळे घालावे लागतात. कानाच्या आवाजावर उपचार करणारे यंत्रच आवाज करते! कपाळावर, कानाच्या वर टिचक्या मारल्यासारखे वाटते. खोली वातानुकूलित, यंत्र परदेशी, माणूस दहा दिवस रोज येतो, कुणीतरी त्याचे दुखणे लक्ष देऊन ऐकते. एवढ्यानेच काही जणांना बरे वाटणार, हे उघड आहे. म्हणून संशोधक अर्ध्या रुग्णांना खोटे वेटोळे लावतात. टक् टक् तसेच, टिचक्या तशाच, पण मेंदूपर्यंत काही पोचत नाही. कोणाला खरे आणि कोणाला खोटे, हे रुग्णाला सांगत नाहीत. खऱ्याचा फायदा खोट्यापेक्षा जास्त निघाला, तरच तो उपचाराचा फायदा.

अमेरिकेतील पोर्टलंड येथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६४ रुग्ण होते. दहा दिवस रोज २००० ठोके. खरे वेटोळे लावलेल्या ३२ पैकी १८ जणांना फायदा झाला, खोटे लावलेल्या ३२ पैकी ७ जणांना. हे आकडे उत्साह वाढवणारे आहेत आणि पॅकेज विकणारे तेच दाखवतात. पण २०१७ साली जर्मनीतील अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या, दीडशेच्या आसपास रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. त्यात खऱ्या आणि खोट्या वेटोळ्यांत अर्थपूर्ण फरकच आढळला नाही. त्याआधी २०११ साली, कॉक्रेन या जगभरचे संशोधन चाळून निष्कर्ष काढणाऱ्या संस्थेने पाच चाचण्या आणि २३३ रुग्ण तपासले होते आणि पुरावा फारच तोकडा असल्याचे म्हटले होते. अमेरिकेच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१४ सालच्या आपल्या मार्गदर्शिकेत कर्णनादासाठी हा उपचार नेहमीच्या सरावात करू नये, असे स्पष्ट लिहिले. नैराश्यासाठी मान्यता मिळालेल्या या उपचाराला कर्णनादासाठी तिथल्या औषध प्रशासनाची मान्यता नाही.

एवढे मतभेद का? एक कारण शरीररचनेचे आहे. ऐकण्याचे मुख्य केंद्र कानाच्या वर मेंदूच्या घडीत आत दडलेले असते आणि चुंबकाचा प्रभाव वरवरच्या दोन-तीन सेंटिमीटरपुरताच पोचतो. दुसरे म्हणजे दोन माणसांचा कर्णनाद सारखा नसतो. तिसरे, फायदा झाला तरी आवाज ‘बंद’ होत नाही, त्रास काही गुणांनी कमी होतो. पत्रलेखकाच्या वडिलांना शिट्टी बंद व्हायला हवी आहे. ते वचन आज कोणतेच चुंबक देऊ शकत नाही आणि जो देतो त्याच्यापासून दूर राहावे.

याचाच एक स्वस्त धाकटा भाऊ आहे. ओल्या स्पंजच्या पट्ट्या डोक्याला लावून एक-दोन मिलीअँपियर इतकी बारीक वीज वीसेक मिनिटे सोडतात. बंगळुरूच्या निमहान्समध्ये, ज्या मनोरुग्णांना कानात माणसांचे बोलणे ऐकू येते त्यांच्यासाठी याचा अभ्यास झाला आहे. कर्णनादासाठी त्याचा भरवशाचा पुरावा नाही. (जाता जाता, कानात शिट्टी, गुणगुण, सूं ऐकू येणे हा कर्णनाद; शब्द, हुकूम, शिव्या ऐकू येत असतील तर ते वेगळे दुखणे आहे, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.) बॅटरी आणि तारा घेऊन हा प्रयोग कोणी घरी करू नये. आणखी एका यंत्रात जिभेवर सौम्य वीज आणि कानात हेडफोनने आवाज असे एकाच वेळी देतात. अमेरिकेने त्याला मार्च २०२३ मध्ये मान्यता दिली. त्याच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ३२६ रुग्णांच्या अभ्यासात सुधारणा दिसली, पण त्यात खोट्या उपचाराचा गट नव्हता. म्हणून मी अजून हात राखून आहे.

तेव्हा भांडुपच्या वाचकांना माझे उत्तर : शिट्टीसाठी फिक्स्ड डिपॉझिट मोडू नका. मात्र एक अपवाद ध्यानात ठेवा. वडिलांना केवळ चिडचिड नसून खोल नैराश्य असेल, जेवण-झोप गेली असेल, जगण्यात अर्थ नाही असे ते बोलत असतील, तर आठवडाभरही थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, रात्री-अपरात्री टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. कर्णनादाने माणसे त्या टोकाला जातात, ही अतिशयोक्ती नाही. आणि त्या तज्ज्ञांनी नैराश्यासाठी चुंबकाचा उपचार सुचवला तर तो वेगळा विषय आहे, त्यासाठी पुरावा आहे. तेव्हाही आकडीचा त्रास, पेसमेकर, डोक्यात धातूची क्लिप किंवा श्रवणाचे रोपण असेल तर आधी सांगायचे.

मग करायचे काय?

पहिली पायरी कान पाहणे आणि श्रवणचाचणी. पत्रलेखकाच्या वडिलांची ती एकदाही झालेली नाही, असे पत्रावरून दिसते. सात-आठ प्रकारच्या गोळ्या झाल्या, कानात लसणाचे तेल झाले, आता चुंबकाची पाळी आली, पण ऐकू किती येते ते कुणी मोजले नाही! आपल्या उपनगरातच, वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था १९८३ पासून आहे. तिथे श्रवणाची तपासणी होते आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना केंद्र सरकारच्या योजनेतून श्रवणयंत्र विनामूल्य किंवा सवलतीत मिळते. कूपरसारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतही कान-नाक-घसा विभाग आहे.

ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावावे. ट्रान्झिस्टरचा दाखला पुन्हा घ्या. स्टेशन नीट लागले की आवाज वाढवावा लागत नाही, खरखर मागे पडते. माझ्या घाटकोपरच्या त्या रुग्णांनी यंत्राला आधी साफ नकार दिला. ‘‘डॉक्टर, चष्मा चालतो, पण यंत्र लावलं की म्हातारा झालो असं सोसायटीत सगळ्यांना कळतं!’’ मुलाने आणि सुनेने मनधरणी केल्यावर लावले. शिट्टी गेली का? नाही. पण दिवसभर तिची आठवण होत नाही, असे ते म्हणतात. रात्री यंत्र काढल्यावर ती पुन्हा येते, म्हणून पंखा चालू ठेवतात आणि थंडीतही रेडिओ बारीक आवाजात लावून झोपतात. शांतता हा कर्णनादाच्या रुग्णाचा शत्रू आहे. त्याला निवांत खोलीत एकट्याने झोपवण्याची काळजी घरच्यांनी घेऊ नये.

दुसरी गोष्ट मनाची. इथे रुग्ण चिडतात : ‘‘म्हणजे मी नाटक करतोय का?’’ मुळीच नाही. आवाज खरा आहे, पण त्रास किती व्हायचा हे त्या आवाजाकडे मन कोणत्या नजरेने पाहते यावरही ठरते. जगात प्रौढांपैकी शंभरात चौदांना कर्णनाद असतो, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसले, पण तीव्र त्रास शंभरात दोघांनाच. बाकीचे बारा जण त्याच्यासह जगतात. ‘हा आवाज मला वेड लावणार’, ‘माझ्या मेंदूत गाठ असणार’ असे विचार पकडून तपासणे आणि बदलणे, या बोलण्याच्या उपचाराचा कर्णनादाचा त्रास कमी करण्यात चुंबकापेक्षा कितीतरी पक्का पुरावा आहे. मराठी वाचकाला ही विचारसरणी परकी नाही, कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती आपल्याकडे रुजवली, ती याच घराण्यातली. सहा-आठ बैठका लागतात. मुलुंड-भांडुपच्या लोकांना ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे.

गोळ्यांबद्दल थोडेच सांगतो. कर्णनादासाठी बीटाहिस्टिनची गोळी आपल्याकडे सढळ हाताने लिहिली जाते. चक्कर येण्याच्या एका विशिष्ट आजारात ती दिली जाते हे खरे, पण फक्त कर्णनादासाठी ती देऊ नये, असे ब्रिटनच्या २०२० सालच्या मार्गदर्शिकेत आहे. जिंकोच्या कॅप्सूल आणि जस्ताच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका, असे अमेरिकन मार्गदर्शिका सांगते. तेल मात्र कानात काहीच घालू नका, पडद्याला भोक असेल तर पस्तावाल.

तरुणांसाठी एक सूचना. दहीहंडीच्या आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे वीस-बावीस वर्षांची मुले ‘कानात सूं वाजतंय’ म्हणून येतात. बहुधा एक-दोन दिवसांत ते थांबते आणि मुले विसरतात. ती केसपेशींची हाक असते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर २०१६ साली आणि कुर्ल्याच्या नेहरूनगरच्या रहिवाशांच्या याचिकेवर जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना कारवाईबद्दल बजावले आहे. डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्याला नियम ऐकू येणार नाहीत, म्हणून निदान कानात बोळे घाला आणि भिंतीपासून लांब उभे राहा.

आता दुसरे पत्र. भगिनींनी लिहिले आहे की आवाज फक्त डाव्या कानात येतो, शिट्टीसारखा नसून नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडतो आणि जिना चढला की वाढतो. ताई, हा ट्रान्झिस्टरच्या खरखरीचा प्रकार नव्हे. नाडीबरोबर धडधडणारा आवाज बहुधा खरोखरच रक्तवाहिनीतून येत असतो. रक्त फार कमी असणे, थायरॉइड वाढलेले असणे, रक्तदाब, मानेतील किंवा कानाजवळील रक्तवाहिनीचा दोष, कधी कानातली गाठ, अशी त्याची कारणे असतात आणि त्यांतली बरीचशी बरी होण्यासारखी आहेत. या आठवड्यात रक्तदाब मोजा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा, ते गरजेप्रमाणे स्कॅन सांगतील. सोबत डोके दुखत असेल किंवा नजर मधूनच अंधूक होत असेल तर डोळ्यांचे पडदेही तपासून घ्या. आणि या काळात एका कानाचे ऐकू येणे अचानक कमी झाले, तोंड वाकडे झाले किंवा तोल जाऊ लागला, तर आठवडा मोजू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा. अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टेरॉइडचा उपचार होतो, पण तो पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हावा लागतो.